आमच्या गटाचा बोका (आणि तुमच्याकडे काय?)

उनाड ट्रायपॉड · शनिवार, सकाळी ७.४८

काल रात्री आमच्या फोटोवाल्यांच्या ग्रुपवर एका नव्या मुलीने विचारलं, "तुम्ही सगळे चांगल्या फोटोखाली मांजराचं तोंड का टाकता?" साधा प्रश्न. पण उत्तर द्यायला सहा जण सरसावले आणि सहांच्या सहा गोष्टी निघाल्या. एक म्हणे भिगवणला झालं, एक म्हणे छे, वेळासला. भांडण पेटायच्या आत मी म्हटलं, उद्या नीट लिहून काढतो. मी त्या दिवशी तिथे होतो, सकाळच्या चहाचे पैसेही मीच दिले होते, त्यामुळे माझं खरं धरावं.

२०१३ चा जानेवारी. आम्ही सात जण पहाटे चारला पुण्यातून निघालो. सोलापूर रस्त्याने भिगवण, तिथून आत कुंभारगाव. उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी चांगले उतरले होते. सगळ्यांकडे लांब पल्ल्याच्या लेन्सा, फक्त एक काका नवे. बँकेतून निवृत्त झालेले, मुलाने घेऊन दिलेला कॅमेरा, आणि त्यावर पन्नास मिलिमीटरची ती प्लॅस्टिकची स्वस्त लेन्स, जिला जगभर निफ्टी फिफ्टी म्हणतात. होडीतून काकांनी दोनेकशे फोटो काढले. प्रत्येकात पाणी, आकाश आणि मधे गुलाबी बडीशेप सांडल्यासारखे ठिपके. काका काही बोलले नाहीत, पण चेहरा पडला होता.

परत आल्यावर काठावरच्या झोपडीत जेवण. भाकरी आणि तळलेली चिलापी. काकांनी चुलीपुढे बसलेल्या मावशींचा फोटो काढला आणि तिथे त्या लेन्सने करामत केली. मावशींचा चेहरा कोरल्यासारखा, आणि मागच्या पत्र्याच्या भोकांतून येणाऱ्या उजेडाचे मोठे मोठे मऊ गोळे. फोटोवाल्यांच्या भाषेत या धूसरतेला बोके म्हणतात. आमच्यातले सगळ्यांत मुरलेले, ज्यांना आम्ही सर म्हणतो, त्यांनी कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर बघितलं आणि अगदी मनापासून म्हणाले, "काका, मागचे बोके काय सुंदर आलेत हो!"

काका गर्रकन मागे वळले. इकडेतिकडे बघितलं, बाकड्याखाली वाकून बघितलं, आणि सरळ चेहऱ्याने म्हणाले, "एकच आहे. पण तुमचा मासा गेला."

खरंच एक बोका होता. पांढरा, काळा आणि भगवा, जणू तीन गोधड्यांची ठिगळं लावलेला. सरांच्या ताटातली अख्खी चिलापी तोंडात धरून दाराकडे निघाला होता. सात जण, दहाएक लाखांचं सामान, आणि त्या क्षणाचा एकही फोटो नाही! नंतर तो भिंतीवर बसून मिशा पुसत होता तेव्हाचा एक मी काढलाय, तेवढाच.

तेव्हापासून मागची धूसरता छान आली की मांजराचं तोंड. कुणी फार गंभीरपणे लेन्सचं कौतुक करायला लागलं की "एकच आहे". आणि बॅटरी संपली, कार्ड भरलं, पक्षी उडाला, वाघ आला तेव्हा आपण डबा खात होतो, हे सगळं "मासा गेला" या दोन शब्दांत.

आता गंमत बघा. २०१६ मध्ये आम्ही रीतसर बैठक घेऊन ग्रुपचा मॅस्कॉट ठरवला होता. शेकरू, गळ्यात कॅमेरा. राज्यप्राणी, महाराष्ट्राचा, झाडावरून सगळं बघणारा, वगैरे मुद्दे मांडून, मतदान घेऊन. चित्र खरोखर चांगलं होतं. चाळीस टीशर्ट छापले. माझा सध्या गाडी पुसायला आहे. त्या शेकरूचं नावसुद्धा कुणाच्या लक्षात नाही (होतं एक). आणि माशाचा चोर बारा महिने तेरा काळ ग्रुपवर नांदतोय.

हे असं का होतं? तुमच्या गटांत काय काय आहे ते लिहा. बोक्याचा फोटो खाली जोडतोय.

चष्मा विसरला · शनिवार, सकाळी ८.०५

हहपुवा, हसून हसून पुरेवाट! "तुमचा मासा गेला" हे आजपासून ऑफिसात वापरणार.

पण फोटो दिसत नाहीये.

शेवटची लोकल · शनिवार, सकाळी ८.११

मलाही नाही दिसत.

उनाड ट्रायपॉड · शनिवार, सकाळी ८.३०

मला दिसतोय की.

चष्मा विसरला · शनिवार, सकाळी ८.३४

तुम्हाला दिसणारच, तुमच्याच खात्यात आहे तो. शेअरिंग पब्लिक करा.

मराठी संस्थळांवरचा सगळ्यांत जुना घरचा विनोद कुठला म्हणाल तर हाच. "मला फोटो दिसत नाहीयेत." हहपुवा, पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा), वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे) हे सगळं नंतर. मी अशी प्रवासवर्णनं पाहिली आहेत जिथे पहिले वीस प्रतिसाद फोटो दिसत नसल्याचे आणि एकविसावा "आता दिसले, छान आहेत". त्यात २०१६ मध्ये गूगलने पिकासा ही फोटो ठेवायची साइट गुंडाळली, २०१७ मध्ये तशाच फोटोबकेटने इतर साइटींवर फोटो दाखवायचे वर्षाला चारशे डॉलर मागितले, आणि जुन्या धाग्यांत नुसत्या चौकटी उरल्या. खाली मात्र कौतुक तसंच. "तिसरा फोटो कातिल", आणि तिसरा कुठला ते देवाला ठाऊक.

मागची खिडकी · शनिवार, सकाळी ९.२०

उनाड, छान लिहिलंय. मी याबाबतीत जुनं खोड आहे, तेव्हा जरा पसरून लिहिते.

२००५ साली नवऱ्याच्या नोकरीपायी न्यू जर्सीत होते. बाहेर बर्फ, मला गाडी येत नाही, हातात दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा. तेव्हा फोटो चढवायची साइट सापडली, फ्लिकर. आज त्याचं नाव काढलं की मुलं म्हणतात "ते अजून आहे?" आहे, २०१८ पासून स्मगमग या फोटो कंपनीकडे आहे. पण तेव्हाची गोष्टच वेगळी होती. मुळात ते फोटोंसाठी काढलेलंच नव्हतं. व्हँकुव्हरचे स्टुअर्ट बटरफिल्ड आणि कॅटरिना फेक 'गेम नेव्हरएंडिंग' नावाचा ऑनलाइन खेळ बनवत होते. तो तडीस गेला नाही, त्यातल्या सामानातून २००४ मध्ये फ्लिकर झालं. खेळाचं भूत मात्र राहिलं: पानांच्या पत्त्यांच्या शेवटी 'डॉट जीएनई' असायचं. गेम नेव्हरएंडिंगची आद्याक्षरं. ज्याला माहीत तो मिशीत हसायचा, बाकीच्यांना वाटायचं असेल काहीतरी तांत्रिक. (याच बटरफिल्डचा पुढे दुसरा खेळही बुडाला, त्यातून ऑफिसातल्या गप्पांचं ॲप स्लॅक निघालं. काहींचं नुकसानही दुभतं असतं.)

तर तिथला माझा लाडका प्रसंग. जुलै २००६. सर्व्हर बसले, साइट बंद. एरवी अशा वेळी 'तसदीबद्दल क्षमस्व' अशी पाटी असते. यांनी काय करावं? पानावर नुसते दोन रिकामे गोल ठेवले. फ्लिकरच्या चिन्हात एक निळा आणि एक गुलाबी ठिपका आहे ना, तेच, पण रंग न भरलेले. खाली लिहिलं, हे पान छापा, गोल रंगवा, साइट सुरू झाली की त्याचा फोटो काढून चढवा. बक्षीस, एक वर्षाचं प्रो खातं (एरवी पैसे भरून घ्यायचं) फुकट. साइट परत आली तर हे गोल! कुणी त्याच्या बशा केल्या, कुणी चष्मा, कुणी डोळे. मी एकात हळद आणि एकात कुंकू भरलं होतं. बक्षीस नाही मिळालं. पण साइट बंद पडल्याचा राग आला होता का, ते मला आज आठवतसुद्धा नाही.

एरवी दुरुस्तीला साइट बंद असली की पाटी असायची, "फ्लिकर मालिश करून घेत आहे". उघडल्या उघडल्या रोज वेगळ्या भाषेत नमस्कार, आणि शेजारी "आता तुम्हाला अमक्या भाषेत नमस्कार करता येतो". आणि मग पांडा. पांड्याबद्दल कुणी तांत्रिक माणसाने लिहावं, मला त्यातलं फक्त ओकणं माहीत आहे.

तर तुझ्या "का" ला माझं उत्तर असं. तुमच्या शेकरूत कुणाची फजिती नव्हती. बोक्यात सरांची आहे, काकांची आहे, आणि सगळ्यांनी ती एकाच वेळी बघितली. फ्लिकरवालेही आपली फजिती झाकत नव्हते, लोकांच्या हातात रंग द्यायचे.

खडू · शनिवार, सकाळी १०.०२

पांड्याचं माझ्याकडे लागलं.

फ्लिकरचा मॅस्कॉट कुठला असं विचारलं तर जुने लोक म्हणतील, इंद्रधनुष्य ओकणारा पांडा. अक्षरशः. एक पान होतं, त्यावर पांडा, आणि त्याच्या तोंडातून इंद्रधनुष्यासारखे ताजे फोटो बदाबदा पडायचे. इथवर ठीक, थट्टा आहे. पण २००९ मध्ये त्यांनी तो प्रोग्रामर लोकांसाठी अधिकृत केला. म्हणजे फ्लिकरच्या एपीआयमध्ये (बाहेरच्या प्रोग्रामनी फ्लिकरशी बोलायची सोय), जिथे फोटो शोधा, अल्बम बनवा असल्या गंभीर आज्ञा असतात, तिथे 'पांडांची यादी द्या' आणि 'पांडाकडून फोटो घ्या' अशा दोन आज्ञा बसल्या. पांडे तीन: लिंग लिंग, सिंग सिंग आणि वांग वांग. पहिली दोन नावं १९७२ मध्ये चीनने अमेरिकेला भेट दिलेल्या, वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातल्या जोडीची. ही दोघं त्यांना त्या घडीला आवडलेले फोटो देणार, आणि वांग वांग जागेचा पत्ता जोडलेले.

मी तेव्हा कॉलेजात होतो, प्रोजेक्टमध्ये हे वापरलं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईंनी विचारलं, "हा डेटा कुठून येतो?" मी म्हटलं, "मॅडम, पांडाकडून." शेजारी आमचे सर खोकायला लागले.

आणि बोक्याबद्दल. सरांचा उच्चार बरोबर होता! जपानीत शब्द 'बोके'च आहे, अर्थ धूसर होणं. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या फोटो टेक्निक्स मासिकाने त्यावर लेख छापले, तेव्हा संपादक माइक जॉन्स्टन यांनी इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी एक एच चिकटवला, नाहीतर लोक 'बोक' म्हणाले असते. देवनागरीत ही भानगडच नाही, आपण सरळ बोके लिहितो आणि मांजरं शोधतो. आणखी एक. जपानी दोन माणसांच्या विनोदी कार्यक्रमात एक जण शहाणा असतो, दुसरा भलतंच ऐकून भलतंच बोलणारा. त्या दुसऱ्यालाही बोके म्हणतात.

शेवटची लोकल · शनिवार, सकाळी १०.१०

म्हणजे बोके होते, बोका होता, आणि काका पण बोके. सरांना सांगा त्यांचं अनेकवचन बरोबर होतं.

डिंक · शनिवार, दुपारी १२.४१

सगळे गोडगोड लिहिताहेत, मी जरा आंबट लिहितो. आतल्यांना हे गोड लागतं. बाहेरून त्याला कंपूबाजी म्हणतात.

माझा अनुभव. चार वर्षांपूर्वी एका फोटोग्राफीच्या ग्रुपात (नाव राहू दे) पहिला फोटो टाकला. ठोसेघरचा धबधबा, तीन दिवस खपून केलेला. खाली पंधरा प्रतिसाद आणि सगळीकडे एकच शब्द: "कुकर". कुकर, कुकर, डबल कुकर. मला वाटलं फोटो जास्त शिजवलाय, रंग भडक केलेत, त्याची टिंगल चाललीय. फोटो काढून टाकला, ग्रुप सोडला. दोन वर्षांनी एका लग्नात त्यातला एक जण भेटला. म्हणाला, तू का रे गेलास? कुकर म्हणजे शिट्ट्या. आम्ही शिट्ट्या वाजवत होतो.

आणि या विनोदांची काठीही होते. फ्लिकरचंच उदाहरण घ्या. 'डिलीट मी' नावाचा गट होता, फोटो टाकायचा आणि बाकीच्यांनी ठेवा की काढा असं मत द्यायचं. २००६ मध्ये कुणीतरी तिथे गपचूप जगप्रसिद्ध फ्रेंच फोटोग्राफर ऑन्री कार्तिए-ब्रेसाँचा १९३२ चा फोटो टाकला, फ्रान्समधल्या येर गावचा, गोल जिना आणि खालून जाणारा सायकलवाला. काढा, काढा. सायकल हललीय, धूसर आहे, फार करडा आहे. लोक ही गोष्ट मजा म्हणून सांगतात. मला भीती वाटते. तिथे फोटो कुणी बघतच नव्हतं, गटात कसं बोलायचं तेवढं सगळ्यांना पाठ होतं.

उनाड ट्रायपॉड · शनिवार, दुपारी १.१५

डिंक, कुकरचं वाचून हसलो आणि मग वाईट वाटलं. शप्पथ. पंधरा जणांपैकी एकालाही "अरे, म्हणजे छान आहे" एवढं लिहायला सुचू नये?

खरं सांगायचं तर आमच्या त्या मुलीने विचारलं म्हणून. न विचारता गेलेले किती असतील, ते ग्रुपच्या यादीत दिसत नाही.

रात्रपाळी · शनिवार, दुपारी ३.३७

डिंकभाऊंना अर्धा +१.

मीही असाच घाबरलो होतो. माझ्या एका फोटोत सहज मागे तारेचं कुंपण आलं होतं. खाली कुठल्याशा परदेशी बाईंनी लिहिलं, "एचएफएफ". मला वाटलं शिवी. मी नम्रपणे सॉरी लिहिलं. त्यांनी समजावलं: हॅपी फेन्स फ्रायडे! फ्लिकरवर शुक्रवारी कुंपणांचे फोटो टाकून एकमेकांना कुंपणाच्या शुभेच्छा द्यायची पद्धत आहे. सोमवारी बाकड्यावर उभं राहून फोटो काढणारे वेगळे, त्यांचं एचबीएम (हॅपी बेंच मंडे). रविवारी फोटोवर एडिटिंगचा मनसोक्त धुडगूस घालणारे, एचएसएस (हॅपी स्लायडर्स संडे). आपल्याकडे कसा वाराप्रमाणे उपास असतो, तसं.

मी त्यातल्या 'मॅक्रो मंडेज'मध्ये, म्हणजे अगदी जवळून काढलेल्या फोटोंच्या सोमवारच्या गटात, रमलो. तिथला नियम मला फार आवडतो: फोटोतला सगळा देखावा तीन इंचांत मावला पाहिजे. रात्रपाळीहून सकाळी घरी आलो की झोप येत नाही, मग दर सोमवारी ओट्यावर तीन इंचांचं काहीतरी शोधायचं. उकडीच्या मोदकाच्या कळ्या, काडेपेटीची घासायची बाजू, घंगाळाचा रिवेट. आई म्हणते, "आज काय छोटं?" हा आता आमच्या घरचा सोमवार.

तर अर्धा +१ अशासाठी की तिथे नियम दारावरच लिहिलेला असतो, कुणीही वाचून आत यावं. कुकरवाल्यांनी दारावर काही लिहिलंच नव्हतं.

घरच्या विनोदावरून आठवलं. नवनवीन लेन्सा घ्यायच्या रोगाला 'गॅस' म्हणतात. मूळ गिटारवाल्यांचा शब्द, स्टीली डॅन बँडच्या वॉल्टर बेकर यांनी नव्वदच्या दशकात गिटार प्लेअर मासिकात लिहिलेला, गिटार ॲक्विझिशन सिंड्रोम. कॅमेरेवाल्यांनी गिटारच्या जागी गिअर केलं आणि आद्याक्षरं तीच ठेवली. मी एकदा फोनवर मित्राला म्हणालो, "फार गॅस झालाय रे." आईने बिचारीने ओवा आणि सैंधव आणून दिलं. आता मी फोनवर लेन्सांच्या किमती बघताना दिसलो की लांबूनच विचारते, "ओवा देऊ?"

पाणीपुरवठा · शनिवार, सायंकाळी ६.५०

कुणी डान्बोला विसरू नका. पुठ्ठ्याच्या खोक्यांचा तो छोटा रोबो, जपानी कॉमिकमधला. त्याचं खेळणं निघालं आणि काही वर्षं निम्म्या इंटरनेटवर त्याचेच फोटो: डान्बो पावसात, डान्बो पानाखाली, डान्बो उदास. एक आवृत्ती तर ॲमेझॉन जपानच्या खोक्याची होती, म्हणजे लोक स्वतःच्या खर्चाने कंपनीची जाहिरात करत होते. मीही घेतला, सिंहगडावर नेला. एका माकडाने पळवला. मासा गेला.

मागची खिडकी · शनिवार, रात्री ८.१४

पाणीपुरवठा, बघ, लागला ना शब्द तोंडात! बारा तासांच्या आत भिगवणला न गेलेली माणसं मासा घालवायला लागली.

चष्मा विसरला · शनिवार, रात्री ८.२०

उनाड, फोटो अजून दिसत नाहीये.

उनाड ट्रायपॉड · शनिवार, रात्री ९.०२

आता बघा. भाचीकडून करून घेतलं.

शेवटची लोकल · शनिवार, रात्री ९.०४

दिसला! काय तोरा आहे. आणि मागे बोके पण छान आलेत.

चष्मा विसरला · शनिवार, रात्री ९.०५

एकच आहे.

गोठा · शनिवार, रात्री ९.४८

एकही नाही.

मी जनावरांचा डॉक्टर, इंदापूर तालुक्यातलाच. उगाच रसभंग करत नाही, पण राहवत नाही. पांढरा, काळा आणि भगवा तिन्ही रंग एकाच अंगावर आहेत ना? मग ती मांजरी आहे. भगव्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. काळा आणि भगवा दोन्ही एकदम दिसायला दोन एक्स लागतात, आणि बोक्याकडे एकच असतो. जादा एक्स घेऊन जन्मलेला तिरंगी बोका हजारोंत एखादा. चेहरापट्टीही मादीचीच वाटते. बहुतेक घरी पिल्लं असणार, म्हणून मासा अख्खा नेला.

खडू · शनिवार, रात्री ९.५१

इतकी वर्षं!!

उनाड ट्रायपॉड · शनिवार, रात्री ११.२६

डॉक्टर, तुमचा प्रतिसाद जसाच्या तसा ग्रुपवर टाकला. गेला दीड तास तिथे दंगल चाललीय. सर म्हणताहेत त्यांना पहिल्यापासून शंका होती (नव्हती). नव्या मुलीने ग्रुपचं चित्र बदलून तोच फोटो लावला आणि खाली लिहिलं "बोकाताई". कुणालाही न विचारता, आणि कुणी हरकतही घेतली नाही. कालपर्यंत ती विचारत होती मांजराचं तोंड का टाकता म्हणून.

काका आता चौऱ्याहत्तरचे आहेत, रात्री नऊला झोपतात. आज जागे होते. आत्ता त्यांचा मेसेज आला:

"मी फक्त एकच आहे म्हणालो होतो. बोका तुम्ही म्हणालात."